जोकर बोलत असताना दुसऱ्याकडे बघा

हे ‘द डार्क नाइट’ एकदा तरी पाहिलेल्यांसाठी आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, काही शोधत न बसता, पहिल्यांदा बघायचा तसा. पुढे मी शेवटासकट सगळं फोडणार आहे.

पाहिलेल्या माणसाला अभिनयाबद्दल विचारलं की एकच नाव येतं, हीथ लेजर. बरोबरच आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण गाडी ‘काय काम केलंय!’च्या पुढे सरकत नाही. नेमकं काय केलंय, कुठे केलंय आणि ते एवढं चढलं कशामुळे, असं खोदून विचारलं की ओठ चाटायची लकब आणि पेन्सिलीचा प्रसंग इथेच गप्पा आटोपतात. त्याच्या पुढे कसं जायचं ते सांगते.

माझा अधिकार एवढाच की हौशी नाटकांत मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत बसून संहितेवर बोट फिरवणाऱ्याला एक सवय जडते. ज्याचं भाषण चालू असतं त्याच्याकडे तो फारसा बघत नाही. ज्याचं वाक्य पुढे यायचंय त्याच्याकडे बघतो, कारण अडकला तर तोच अडकणार. असं बघत राहिलं की हळूहळू कळायला लागतं, प्रवेश पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या जिवावर उभा असतो. बोलणाऱ्यानं कितीही जीव ओतावा, समोरचा नुसताच आपल्या वाक्याची वाट बघत उभा असेल तर सगळं मुसळ केरात. हा सिनेमा त्या सवयीनं बघण्यासारखा आहे. लेजरचा जोकर तर ऐकणाऱ्यावरच जगतो.

आधी दंतकथा उतरवून ठेवा

लेजर २२ जानेवारी २००८ ला गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. सिनेमा त्याच वर्षी जुलैमध्ये आला. त्यामुळे ‘भूमिकेनंच त्याचा बळी घेतला’ ही गोष्ट सिनेमाला पहिल्या दिवसापासून चिकटली आणि अजून सुटलेली नाही. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांचा निष्कर्ष साधा होता: डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या एकत्रित परिणामानं झालेला अपघाती मृत्यू. जोकरचं चित्रीकरण तोवर संपलं होतं, तो दुसऱ्या सिनेमाच्या कामात होता. फेब्रुवारी २००९ मध्ये सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं, ते त्याच्या घरच्यांनी घेतलं. अभिनयाचं मरणोत्तर ऑस्कर त्याआधी फक्त पीटर फिंचला मिळालेलं होतं. हे सगळं माहीत असावं आणि सिनेमा लावताना विसरावं. नाहीतर प्रत्येक हसण्यात आपण मरणाची चाहूल शोधत बसतो, आणि समोर जे कसब चाललंय ते दिसायचं राहून जातं.

लंडनमधल्या हॉटेलच्या खोलीत तो महिनाभर स्वतःला कोंडून बसला, एक वही ठेवली, आवाज आणि हसणं शोधत राहिला, हे मात्र त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. लोक हे फार गूढ आवाजात सांगतात. नाटकवाल्यांना त्यात नवल वाटायचं कारण नाही, याला तालीम म्हणतात.

दुसरी दंतकथा हॉस्पिटलच्या स्फोटाची. नर्सच्या वेशातला जोकर बाहेर येतो, स्फोट मध्येच थांबतो, तो हातातलं यंत्र खटखटावतो आणि मग इमारत कोसळते. ‘स्फोट खरंच फसला होता, लेजरनं आयत्या वेळी सावरून घेतलं’ असं मोठ्या हौसेनं सांगितलं जातं. तसं काही नाही. ती थांबायची जागा आधीपासून ठरलेली होती. शिकागोतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची इमारत खरोखर पाडायची होती, ती एकदाच पडणार होती. तिथे नटाच्या आयत्या वेळच्या सुचण्यावर कोण विसंबेल? माझ्या मते ठरलेली गोष्ट ठरलेली न वाटू देणं जास्त अवघड आहे. त्याच्या खांद्यांतला तो वैताग बघा, रिमोट चालत नसला की आपण करतो तसा.

तयारी

सिनेमा १५२ मिनिटांचा आहे. अख्खा परत बघू नका. एका बैठकीला एक प्रवेश, फार तर दोन. मोबाइलवर बघत असाल तर सोडून द्या. काळ्या मुखवट्यातून फक्त ओठ आणि हनुवटी दिसणाऱ्या नटाचं काम तळहाताएवढ्या पडद्यावर कळत नाही. खोलीत अंधार हवा. वॉली फिस्टरच्या छायाचित्रणात काळ्यावर काळं पुष्कळ आहे, दिवा लावून बसलात तर निम्मं वाहून जाईल.

सबटायटल्स बंद करा, हे कितीही जिवावर आलं तरी. कथा माहीत झालीय, संवाद बरेचसे पाठ झालेत, तरी पट्टी दिसली की डोळे खाली जातातच, आणि ते खाली गेलेले असतानाच वर कुणीतरी पापणी हलवून घेतं.

ब्लू-रे प्रत हाताशी असेल तर एक सोय फुकटात मिळते. ह्या सिनेमाचा काही भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित झालाय. ते कॅमेरे चालताना फार आवाज करतात, म्हणून संवादांचे प्रवेश बहुतेक साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आहेत. ब्लू-रेवर आयमॅक्सची दृश्यं पडदा पूर्ण भरतात आणि बाकीच्या दृश्यांना वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. पट्ट्या आल्या की सावरून बसा. सुरुवातीचा बँकेचा दरोडा याला अपवाद. तो आयमॅक्सवर आहे, पण तिथे जोकर जवळजवळ शेवटपर्यंत मुखवट्यात असतो.

त्या दरोड्यातली पहिलीच ओळख मात्र चुकवू नका. रस्त्याच्या कडेला पाठमोरा माणूस, हातात लोंबणारा विदूषकाचा मुखवटा, किंचित वाकलेले खांदे. चेहरा नाही, आवाज नाही, आणि तरी माणूस कळतो.

आवाज बंद करून

पहिला सराव ब्रूस वेननं हार्वी डेंटसाठी दिलेल्या मेजवानीचा. जोकर लिफ्टमधून येतो तिथून त्याला बॅटमॅन भिडतो तिथपर्यंत. आवाज पूर्ण बंद. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं संगीत ह्या सिनेमात इतकं काम करतं, की भीती नटामुळे वाटतेय का त्या ताणलेल्या सुरामुळे हे ठरवता येत नाही. आवाज काढला की नट उघडे पडतात.

जोकरला अडवणारा म्हातारा पाहुणा आठवतो? ते पॅट्रिक लेही, अमेरिकेचे तेव्हाचे खरेखुरे सिनेटर आणि बॅटमॅनचे जुने चाहते. नट नव्हेत. ते ताठ उभे आहेत, एवढंच. बाकीचं काम लेजर करतो. त्यांच्याइतक्या जवळ जातो की त्यांच्या अवघडण्याचाही प्रवेशाला उपयोग होतो. हौशी माणसाला सांभाळून घेणारा नट मला लगेच ओळखू येतो.

मग रेचल पुढे येते, म्हणजे मॅगी जिलेनहाल. तिला पाहून जोकर केसांवरून हात फिरवतो, बघायला आलेल्या मुलासारखा. बोलता बोलता निसटून जाणारी गोष्ट आहे. आवाज बंद असला की ठसठशीत दिसते. त्यानंतर कॅमेरा दोघांभोवती फिरायला लागतो आणि इथून पुढे तुम्ही फक्त जिलेनहालकडे बघायचं. तो जखमांची गोष्ट सांगतोय, चाकू हातात आहे. ती मान वळवू पाहते, तो हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडे करतो. तिला ऐकायचं नाहीये. तिचे डोळे खोलीत दुसरीकडे कुठेतरी जायला बघताहेत आणि जाता येत नाहीये. तिच्या वाट्याला आलेली भूमिका लेखनात पातळ आहे, दोन पुरुषांमधली बाई यापलीकडे तिला फार काही दिलेलं नाही. पण ह्या प्रवेशात लेजरची भीती आपल्यापर्यंत पोचवण्याचं काम तिचंच आहे.

आता ह्याच गोष्टीच्या तीन आवृत्त्या एकापाठोपाठ एक लावा. पहिली गॅम्बल नावाच्या गुंडाला सांगितलेली, बापाची. दुसरी रेचलला, बायकोची. पहिलीत तो बापाची नक्कल करतो, सोंग आणतो. दुसरीत आवाज मऊ, स्वतःचीच कीव आल्यासारखा. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. पण सांगताना तो दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो, आणि ऐकणाऱ्या दोघांनाही पळायला जागा नसते. तिसरी शेवटाकडे येते. बॅटमॅनला खाली दाबून ठेवून तो पुन्हा तेच सुरू करतो, ह्या जखमा कशा झाल्या माहितीय का. बॅटमॅन ऐकूनच घेत नाही. मनगटावरची पाती सोडतो आणि गोष्ट तिथेच तुटते. अख्ख्या सिनेमात जोकरची गोष्ट ऐकायला नकार देणारा तो पहिला. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे प्रवेश आपोआप उलगडतात: कोण ऐकतो, कोण ऐकून बिघडतो, कोण कान बंद करतो.

डोळे मिटून

आता उलटं करा. पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. लेजर ऑस्ट्रेलियाचा, बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलचा जन्म वेल्समधला, गॉर्डन झालेला गॅरी ओल्डमन आणि आल्फ्रेड झालेला मायकेल केन लंडनचे. अमेरिकी शहराच्या ह्या गोष्टीत आपला मूळचा उच्चार घेऊन फिरतोय तो फक्त केन, बाकी तिघांनी आवाज नव्यानं घडवलेत.

जोकरचा आवाज नाकातून, थोडा चिरका, वाक्याच्या मध्येच पट्टी बदलणारा. तोतया बॅटमॅनला बांधून केलेली ती व्हिडिओ चित्रफीत ऐका. बराच वेळ लाडेलाडे चाललंय आणि अचानक आपल्याकडे बघ म्हणून पोटातून गुरगुर येते. तो बदल व्हायला जराही वेळ लागत नाही, चढण नाहीच. आमच्याकडे नवीन नट असं करायला गेला की आधी श्वास घेतो आणि सगळ्यांना कळतं, आता हा ओरडणार. लेजरचा श्वास ऐकू येत नाही.

बेलच्या बॅटमॅनचा घोगरा आवाज अनेकांना खटकतो, त्याची टिंगलही खूप झाली. माझं मत सांगते: छोट्या वाक्यांना तो शोभतो, लांब वाक्यांना झेपत नाही. शेवटी डेंटच्या मृतदेहाशेजारी गॉर्डनला समजावतानाचं भाषण डोळे मिटून ऐकलं तर जरा जडच जातं.

चौकशीची खोली

इथे वेळ काढा. हा प्रवेश तीनदा बघायचा, दर वेळी एकाच माणसावर नजर ठेवून.

पहिल्यांदा गॅरी ओल्डमन. त्याच्या आधी थोडं मागे जाऊन गॉर्डनला बढती मिळते ते बघा. सगळे टाळ्या वाजवताहेत आणि कोठडीत बसलेला जोकरही वाजवतोय, सावकाश, चेहऱ्यावर काहीही नाही. मग गॉर्डन खोलीत येतो. अंधार, टेबलाशी जोकर, हातात बेड्या. ओल्डमननं इथे दाखवलाय तो थकवा. डेंट घरी पोचला नाही हे तो जवळजवळ कामकाजाच्या सुरात सांगतो. आवाज चढवत नाही, धमकावत नाही. मग उठून बेड्या काढतो आणि बाहेर जातो. आपल्याला वाटतं सभ्य पोलीस थकला, हरला. दिवे लागतात तेव्हा कळतं की तो नुसता बाजूला झाला होता. पुढे काचेमागचा गॉर्डन चुकवू नका. आधी तो सहकाऱ्यांना थोपवतो, बॅटमॅनचा ताबा सुटलेला नाही म्हणून. बॅटमॅन दाराला खुर्ची लावतो तेव्हा तोच धावत सुटतो. बेलच्या वागण्यात काहीतरी मोडलंय, हे प्रेक्षकाला ओल्डमनच्या पळण्यातून कळतं.

दुसऱ्यांदा बेल. ओठ आणि हनुवटी, एवढाच त्याचा चेहरा. सुरुवातीला तो जोकरचं डोकं टेबलावर आपटतो, मग समोर बसतो आणि ऐकायला लागतो. चूक तिथेच होते. जोकर बोलत जातो, तू ह्यांच्यातला नाहीस, गरज संपली की हे तुला टाकून देतील, आणि बेलचे ओठ आवळत जातात. उत्तरं तुटक होतात. रेचलचा विषय निघतो आणि तो टेबलावरून जोकरला उचलतो. इथून पुढे प्रत्येक ठोशागणिक बॅटमॅन लहान होत जातो, हे फक्त बेलकडे बघितलं तरच जाणवतं. शेवटी तो ‘ते कुठे आहेत’ असं विचारतो तेव्हा घोगरेपणाच्या आतून चक्क विनवणी ऐकू येते.

तिसऱ्यांदा लेजर. मार पडेपर्यंत सगळ्या खोलीत सगळ्यात शांत तोच. मान खाली, डोळे वर. डोकं आपटल्यावर त्याची तक्रार तंत्राबद्दल असते, सुरुवात डोक्यापासून करू नये, माणूस बधिर होतो. नंतर तो पुढे झुकून समजावतो, खरंच समजावतो, मन लावून शिकवणाऱ्या मास्तरांसारखा. मार खाताना हसतो. बेलनं नंतर मुलाखतीत सांगितलंय की लेजर त्याला खरोखर मारायला डिवचत होता. ते एक असो. माझ्या मते ह्या प्रवेशातला सगळ्यात अवघड क्षण मारामारी संपल्यावरचा आहे. तो दोन पत्ते सांगतो, अगदी सहज, कंटाळल्यासारखे. पुढे कळतं की पत्ते मुद्दाम उलटे दिलेत. मागे जाऊन त्याच्या चेहऱ्यावर ती थाप दिसते का शोधा. मला तरी दिसत नाही.

याच खोलीत थोड्या वेळानं एक छोटा प्रवेश आहे, तोही आठवणीनं बघा. स्टीफन्स नावाचा मुरलेला पोलीस पहाऱ्याला उभा आहे, काम कीथ शाराबायकाचं. चिडायचं नाही हे त्यानं ठरवलेलं आहे आणि ते त्याच्या उभं राहण्यात दिसतं. जोकर त्याला विचारतो, तुझे किती मित्र मी मारले. मग चाकू का वापरतो ते सांगतो. स्टीफन्सला फक्त ऐकायचं आहे आणि गप्प राहायचं आहे. किती वेळ टिकतो बघा. पुढच्या दृश्यात तो गळ्याशी धारदार काच घेऊन बाहेर येतो.

ॲरन एकहार्ट, ज्याला कुणी मोजत नाही

लेजरच्या सावलीत सगळ्यात जास्त झाकला गेलेला नट हा. जाहिरातीत शोभेल अशी हनुवटी, दोन्ही बाजूंना छापच असलेलं नाणं, कोर्टात साक्षीदारानं रोखलेलं पिस्तूल काढून घेऊन त्यालाच ठोसा. लोकांना तो नुसता देखणा वाटतो आणि नंतर एकदम राक्षस. मधला दुवा बघायचा तर जोकरच्या माणसाला गल्लीत बांधून तो नाणं उडवतो तो प्रवेश लावा. चेहरा जळण्याच्या कितीतरी आधीचा आहे. कोर्टातलं हसू गेलेलं, आवाजाला धार. टू-फेस तिथेच आहे, जळायचं फक्त बाकी आहे. पुढे जे होतं ते अचानक वाटू नये याची तजवीज एकहार्टनं केलीय, आपण त्याच्याकडे पाहत नसतो.

हॉस्पिटलमध्ये त्याला शुद्ध येते, उशाशी ठेवलेलं नाणं सापडतं, एक बाजू जळकी. तो किंचाळतो आणि सिनेमा आवाज काढून घेतो. नुसतं तोंड उघडं. मग गॉर्डन भेटायला येतो. डेंट आधी चांगली बाजू दाखवत पडून राहतो आणि पोलीस खात्यात मला मागून काय म्हणायचे ते तोंडावर म्हण म्हणतो. ओल्डमनला ते नाव उच्चारायचं आहे. मान खाली, आवाज जवळजवळ घशातच. ह्या प्रवेशात दोघं एकमेकांना जे देतात ते बघून मला नेहमी वाटतं, लेजर नसता तरी हा अभिनयाचा सिनेमा म्हणून टिकला असता.

डेंटची जळकी बाजू संगणकावर केलेली आहे. चित्रीकरणाच्या वेळी एकहार्टच्या त्या गालावर नुसत्या खुणा होत्या. म्हणजे अर्धा चेहरा त्याच्या हातात नाही. आता नर्सच्या वेशातला जोकर पलंगाशी बसतो तो प्रवेश लावा आणि लेजरकडे अजिबात बघू नका. कठीण आहे, तो विचित्र टोप घालून बसलाय. तरीही. सुरुवातीला डेंट पट्ट्यांशी झटतो, झेप घेऊ बघतो. मग कुठल्याशा वाक्याला झटणं थांबतं. ते वाक्य कोणतं ते तुम्हीच शोधा, मी सांगितलं तर मजा गेली. तिथपासून तो माणूस ऐकायला लागलाय आणि जोकर जिंकलाय. पिस्तूल हातात येतं, नाणं उडतं, ते सगळं नंतरचं.

बाकीच्यांकडे धावती नजर

मायकेल केनचा एक किस्सा त्यानं स्वतः अनेकदा सांगितलाय: लिफ्टचं दार उघडून जोकर पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा तो आपलं वाक्यच विसरला. प्रॉम्प्टर म्हणून मला ह्याचं फार समाधान आहे. त्याचं खरं काम बघायचं तर रेचल गेल्यानंतरची सकाळ लावा. ती डेंटला निवडून गेलीय, तसं पत्र आल्फ्रेडजवळ आहे, आणि ते त्यानं नाश्त्याच्या ट्रेमध्ये ठेवलंय. ब्रूस म्हणतो ती माझ्यासाठी थांबणार होती. केनचा हात पत्राकडे जातो. ते काय आहे असं ब्रूस विचारतो आणि हा म्हणतो, घाई नाही. केन चेहऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही, हात मात्र बघा.

मॉर्गन फ्रीमन: खंडणी मागायला आलेल्या हिशेबनिसाला तो जे उत्तर देतो, तेवढा एक प्रवेश पुरे. हसू कुठल्या शब्दावर येतं ते पाहा.

बेलच्या ब्रूससाठी मेजवानीवर परत या. हेलिकॉप्टरमधून तीन बायका घेऊन उतरतो, सगळ्यांसमोर हातात पेला घेऊन भाषण ठोकतो, मग गच्चीत येऊन पेयातला थेंबही न घेता कठड्यावरून ओतून देतो. ओततानाचे खांदे आणि भाषणातले खांदे शेजारी ठेवून बघा. ह्या सिनेमातल्या नव्या पोशाखात त्याला मान वळवता येते, आधीच्या २००५ च्या सिनेमात येत नव्हती. कथेत ब्रूस स्वतःच तशी मागणी करतो. नटाला मान मिळणं म्हणजे ऐकायची सोय मिळणं.

आणि टिनी लिस्टर. दोन बोटी, प्रत्येकीकडे दुसरीला उडवायचं बटण. कैद्यांच्या बोटीवरचा तो आडदांड माणूस तुरुंग-अधिकाऱ्याजवळ येतो, जे दहा मिनिटांपूर्वी करायला हवं होतं ते मी करतो म्हणतो, यंत्र घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. मग जाऊन बसतो. भूमिका केवढीशी, आणि जोकरच्या अख्ख्या युक्तिवादाला उत्तर तिथून मिळतं. परतून बसतानाचा त्याचा चेहरा बघायला विसरू नका, कॅमेरा फार थांबत नाही.

हीच रीत दुसरीकडे

२०१९ च्या ‘जोकर’मध्ये वाकीन फीनिक्सला मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ह्या पात्रासाठी मिळालेलं ते दुसरं. तिथे ही रीत वापरताना आधी गोंधळायला होईल, कारण त्या सिनेमात ऐकणारं कुणी नाहीच. समाजसेविकेला तो तोंडावर सांगतो, तू ऐकतच नाहीस. म्हणून तिथे न ऐकणाऱ्यांकडे बघा: तिच्या टेबलावरचे कागद, आणि शेवटी रॉबर्ट डी नीरोचा सूत्रसंचालक, जो पोटासाठी ऐकतो. ‘लोगन’मध्ये डॅफ्नी कीनची मुलगी अर्ध्याहून जास्त सिनेमा बोलत नाही; गाडीतल्या प्रवेशांत ह्यू जॅकमन आणि पॅट्रिक स्टुअर्ट भांडत असताना मागच्या सीटवर नजर ठेवा.

२०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन आणि पॉल डॅनो काचेच्या दोन बाजूंना बसतात तो प्रवेश मात्र आवाज बंद करून बघू नका. डॅनो ब्रूस वेनचं नाव घोळवत राहतो, पॅटिन्सनला वाटतं आपलं बिंग फुटलं, आणि मग हळूहळू लक्षात येतं की समोरच्याला काही माहीतच नाही. पॅटिन्सनला फक्त डोळे आणि जबडा दिलाय. नाव पहिल्यांदा येतं तिथपासून सुरू करा.